तांबड्या गळ्याचा टिलवा

पाखरू ओळखायचं असेल तर त्याचा रंग सगळ्यात शेवटी बघावा, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता सांगताना माझा मलाच वीट येतो. आधी आकार बघा. चोच किती लांब, सरळ आहे की टोकाला किंचित वाकलेली. पाय अंगाच्या मानाने उंच की आखूड. पंख मिटल्यावर त्यांची टोकं शेपटीच्या पुढे जातात का. चालतं कसं, टोचतं कसं. हे सगळं झालं की मग रंग. पण ऐकतो कोण? माणूस आधी रंग बघतो, मग मोबाईल काढतो, आणि जगाला सांगून मोकळा होतो.

मी रत्नागिरीत रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, वर रंग ओतायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, यात माझा जन्म गेला. पट्टीवर जो जांभळा-गुलाबी रंग दिसतो तो पेशीचा नसतो, आपण चढवलेला असतो. नव्याने कामाला लागलेल्या मुली सुरुवातीला रंगाला भुलतात. त्यांना मी सांगते, बाई गं, रंग बाटलीतला आहे, तू पेशीचा आकार बघ. चाळिशीनंतर पाखरं बघायचा नाद लागला तेव्हा हीच सवय मी खाडीवर नेली. तिथेही ती उपयोगी पडली. माणसांत मात्र पडली नाही.

टिलवा हे चिमणीएवढं, किंबहुना तिच्याहून बारकं पाखरू. पावसाळा सरता सरता उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून येतं, थंडीभर आमच्या खाड्यांच्या चिखलात राहतं, आणि इथे आंबा उतरायला लागला की परतीच्या तयारीला लागतं. तयारी म्हणजे काय, तर खाणं. ओहोटी लागली की मान खाली घालायची आणि शिवणयंत्राच्या सुईसारखं चिखलात टोचत राहायचं. भरती आली की जेवण संपलं. त्या तेवढ्या वेळात अंगावर चरबी चढली तर पाखरू हजारो मैल उडून घरी पोचतं. नाही चढली तर वाटेत कुठेतरी पडतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. यात मधला रस्ता नाही.

थंडीत टिलवा राखाडी असतो. जायच्या आधी त्याच्या पाठीवर काळी-तांबूस पिसं येतात, पांढऱ्या रेघांचा व्ही उमटतो, गालांवर आणि मानेच्या बाजूंना विटकरी झाक चढते. गळा मात्र पांढराच राहतो. हा आमचा नेहमीचा, छोटा टिलवा. त्याचा एक चुलतभाऊ आहे, त्याचा गळाच तांबडा. तो पार पूर्वेकडच्या किनाऱ्यांना जातो, आमच्याकडे दिसणं म्हणजे उंबराचं फूल. पण त्याची ठेवण वेगळी. पाय आखूड, चोच आखूड आणि जाडसर, मागची बाजू लांबट. आमच्याचे पाय उंच, चोच सुईसारखी बारीक. रंग बाजूला ठेवला तर दोघांत गोंधळ व्हायचं फारसं कारण नाही.

आम्ही जातो ती जागा शहरापासून फार लांब नाही. खाडीचं तोंड, एका अंगाला तिवरांची झाडी, आणि मध्ये ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. पूर्वी तिथे चपला काढून उतरावंसं वाटायचं. आता उतरायचं तर आधी नाक दाबायचं. मासळीची आतडी, कोळंबीची सोलटं, लग्नाच्या हॉलमधून आलेली थर्माकोलची ताटं, आत वरणभात तसाच. लहान मुलांचे ते फुगलेले लंगोट, जे शंभर पिढ्या गेल्या तरी कुजणार नाहीत. आणि देवांच्या तसबिरी. काच फुटलेल्या तसबिरी लोक तिवराच्या बुंध्याला टेकवून ठेवतात, देवाला कचरा म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून. मग भरतीचं पाणी येतं आणि लक्ष्मी लंगोटांच्या शेजारी तोंडावर पालथी पडते. याला विसर्जन म्हणतात म्हणे.

गेल्या वर्षीपासून रस्त्याच्या बाजूने भराव सुरू झाला. कशासाठी, हे विचारलं तर एक जण पार्किंग म्हणतो, दुसरा सेल्फी पॉइंट. तांबडी माती भरून डंपर येतो, पाठ उचलतो, चिखलावर माती ओततो आणि जातो. धूळ उडू नये म्हणून वरून टँकरने पाणी मारतात. त्या पाण्याबरोबर मातीची राड खाली वाहते आणि पट्ट्याच्या कडेला डबक्यात साठते. ऊन लागलं की त्या डबक्यावर साय धरते. आणि टिलव्यांना डबकी आवडतात. उथळ पाणी दिसलं की ते आधी तिथे धावतात, ते कुणी केलं आणि कशाचं केलं हे त्यांना कुठून कळणार.

मला तिथे गाडीतून नेतो तो माझा नवरा. माझा गुडघा दुखतो म्हणून मी गाडी चालवणं सोडलं आहे, आणि आमची आंब्याची बाग त्याच रस्त्यावर आहे. पाखरांत त्याला काडीचा रस नाही. मी चिखलात उभी असते, तो गाडीत बसून शेंगदाणे खात असतो. परत आले की ठरलेला प्रश्न, "भेटल्या काय गो तुझ्या चिमण्या?" गरुड असो की बगळा, त्याच्या लेखी सगळ्या चिमण्याच. मीही कधी मनावर घेत नाही.

यंदा त्याच्या डोक्यात होमस्टेचं खूळ शिरलं. मुंबई-पुण्याचे लोक आंब्याच्या झाडाखाली झोपायला येतात, तर त्यांना खोल्या बांधून देऊ, असा बेत. त्यासाठी बागेच्या वरच्या अंगाचा उतार कापायला घेतला. जेसीबीने दणादण माती काढली, आणि मग त्या ढिगाचं करायचं काय हा प्रश्न पडला. पावसाच्या आत उचलली नाही तर सगळी विहिरीत येणार. अशात एक डंपरवाला आपण होऊन आला आणि माती मी नेतो म्हणाला. नवरा भलताच खूश. "बघ गो, काही कामं देवच करून टाकतो," असं चार जणांना सांगत सुटला. बागेतल्या घरी आम्ही आंब्याच्या दिवसांत राहायलाच असतो, त्यामुळे लॅबला निघायच्या आधी मी त्या डंपरवाल्याला चहा द्यायचे. भला माणूस. चहा पिऊन झाला की कप धुऊन पालथा घालून जायचा.

आता ग्रुप. आमच्याकडे पक्षिमित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मित्र कोणाचे, तर पक्ष्यांचे. त्याचे अ‍ॅडमिन एक निवृत्त साहेब आहेत, दुधी भोपळ्याएवढी लेन्स गळ्यात घालून हिंडतात. हंगाम संपत आला होता, बरेच टिलवे निघून गेले होते, उरलेले घाईघाईने खात होते. अशा एका सकाळी साहेबांनी फोटो टाकला. चिखलावर उभा टिलवा, गळा तांबडाभडक. खाली लिहिलं होतं, "तांबड्या गळ्याचा टिलवा! आपल्या जिल्ह्यातली पहिलीच नोंद!!"

मग काय विचारता. टाळ्यांचे पिवळे हात, फुलांचे गुच्छ, फटाके. एकाने लिहिलं, "साहेब, तुमची तपश्चर्या फळाला आली." दुपारपर्यंत एकाही माणसाने पाय किती उंच आहेत एवढं विचारलं नाही. मी पट्ट्या तपासता तपासता फोटो मोठा करून बघितला आणि लिहिलं, "पाय उंच आहेत. चोच बारीक आहे. पाठीवरचा व्ही स्वच्छ दिसतो. छोटा टिलवा वाटतो. गळ्याचा रंग जवळून बघायला हवा." उत्तर आलं, "मॅडम, गळा तांबडा आहे, आणखी काय बघायचं?" त्याखाली कुणीतरी हसरा चेहरा चिकटवला. दुसऱ्याने नाव न घेता लिहिलं, की काही लोकांना पोटदुखी असते, त्यांनी ओवा खावा. लघवीचे नमुने बाजूला ठेवून मी हात धुतले. नमुन्यांची मला कधी घाण वाटली नाही. ते वाचून वाटली.

ओहोटीची वेळ साधून मी त्या दुपारी खाडीवर गेले. पाचसहा जण आधीच उतरले होते. सगळ्यांच्या अंगावर झाडाझुडपांच्या छापाचे कपडे, झाडीत लपून बसायचे असतात ते. आणि उभे कुठे, तर उघड्या चिखलात, जिथे आजूबाजूला एक पान नाही. त्यांच्यापेक्षा माझी पिवळी साडी तरी प्रामाणिक होती.

दुर्बीण लावली आणि शांतपणे बघितलं. पाय उंच, काळे. चोच सुई. व्ही जागच्या जागी. छोटा टिलवा, छाती ठोकून सांगावं. मग गळा. तो तांबडा रंग गळ्यावर थांबतच नव्हता. चोचीच्या मुळापर्यंत चढला होता. एका डोळ्याखाली होता, दुसऱ्याखाली नव्हता. पोटावर त्याचे ओघळ आले होते. पिसाचा स्वतःचा रंग असला की प्रत्येक पिसाला कड दिसते. इथे पिसं एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके झाले होते. तो डाग मी झोपेतसुद्धा ओळखला असता. लग्न होऊन या घरात आल्यापासून बागेतून आलेले पांढरे सदरे मी धुते आहे. लिंबू लावा, मीठ लावा, नाही तर नवस बोला, जांभ्याच्या मातीचा डाग कापडावरून जात नाही, नुसता फिका होतो.

आमच्याकडे तांबडं इतकं आहे की ते दिसेनासंच झालं आहे. पोरांचे शाळेचे मोजे तांबडे, कुत्र्यांची पोटं तांबडी, एस.टी. खालून तांबडी, पहिला पाऊस झाला की नळाचं पाणी तांबडं. मग एखाद्या पाखराचा गळा तांबडा दिसला, तर इथे जन्मलेल्या माणसाला सगळ्यात आधी माती सुचायला नको? दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस चुकला असता तर मी समजून घेतलं असतं.

"ही माती आहे," मी साहेबांना म्हटलं. "भरावाची राड. त्या डबक्यात न्हायलंय ते."

"मॅडम, पक्षी घाण पाण्यात न्हात नाहीत."

"मग तुम्ही जरा स्वच्छ पाणी भरून ठेवा की त्यांच्यासाठी."

ते हसले. पुण्यातल्या मोठ्या मोठ्या माणसांनी फोटो बघून होकार दिला आहे म्हणाले. मी भरावाकडे बोट केलं. त्या वेळीही डंपर माती ओतत होता आणि तांबडं पाणी ओघळत डबक्यात येत होतं. साहेबांनी तिकडे बघितलं आणि म्हणाले, "हो ना, बॅकग्राउंडला फार डिस्टर्ब करतो तो."

नोंद पक्की व्हायला पंख पसरलेला फोटो लागतो म्हणे. म्हणून एक जण टाळी वाजवायचा आणि बाकीचे लेन्स लावून बसायचे. टिलवा उडायचा, छोटासा फेरा मारायचा आणि थोड्या अंतरावर धपकन बसायचा. बसला की अंग झाडायचा, चिकटलेली पिसं चोचीने सोडवत राहायचा. खायचं सोडून. तेवढ्यात हे परत जवळ, परत टाळी. बाकीचे टिलवे दूरवर माना खाली घालून टोचत होते आणि हे पाखरू एकटं आपली पिसं विंचरत होतं. मला राहवेना. मी ओरडले, "अहो, जेवू द्या की त्याला! पाणी चढायला लागलंय!" त्यांना वाटलं मी विनोद केला.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेटीत आंबे भरत होता. "तुझ्या चिमणीला माती लागली, एवढंच ना? धुवेल ती आपली," म्हणाला. मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं.

दुसरा दिवस रविवार. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग, पुण्याच्या, कोल्हापूरच्या. वडापावचे कागद चिखलावर उडत होते. तिवरापाशी एक गृहस्थ पाठमोरे उभे राहून आपला कार्यभाग उरकत होते, गळ्यात कॅमेरा तसाच. पुढे माणसांनी अर्धगोल केला होता आणि त्याच्या मध्ये तो टिलवा. आता त्याची पाठही तांबडी झाली होती. पिसं फुगवून, मान आत ओढून, एका जागी बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. दोन हातांच्या अंतरावर माणसं पालथी पडून फोटो काढत होती आणि तो जागचा हलत नव्हता.

"काय पोज देतोय बघा!" एक बाई म्हणाल्या. "जरासुद्धा घाबरत नाही. किती गोड!"

त्या वाक्याची मला आलेली शिसारी अजून गेलेली नाही. लॅबमध्ये एखादा माणूस खुर्चीत असा शांत बसला, मान टाकून, तर आम्ही धावतो. कुणी म्हणत नाही की काय गोड बसलाय. उडायची ताकद संपली होती त्याची. घाबरायलासुद्धा अंगात काही असावं लागतं.

मी सरळ आत शिरले. एक चप्पल चिखलात रुतली, ती तिथेच ठेवली. मागून आरडाओरडा झाला, "अहो बाई, बाजूला व्हा! फ्रेममध्ये येताय!" मी वाकले आणि पदरात टिलवा उचलला. त्याने विरोध केला नाही. हातात वजन असं नव्हतंच. बोटाला छातीचं हाड लागलं, सुरीसारखं. महिनाभर हे पाखरू इथे चरबी चढवायला थांबलं होतं आणि अंगावर हाड सोडून काही नव्हतं.

साहेब धावत आले. "वन्य पक्ष्याला हात लावायचा नसतो, मॅडम. कायदा आहे." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा आवाज बदलला. "बरं, उचललाच आहे तर एक मिनिट असा धरा. गळ्याचा क्लोजअप घेतो."

मी त्यांना जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या मासळी बाजारात ते शब्द रोज ऐकू येतात आणि मला ते इतके पाठ आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीत बसले तेव्हा नवऱ्याने माझ्या ओंजळीकडे बघितलं. चिमणी म्हणाला नाही. शेंगदाण्याची पुडी डॅशबोर्डवर ठेवली आणि गाडी काढली. मी पदराच्या टोकाने पाखराची चोच पुसत होते आणि तोंडाने शिव्या देत होते. फोटोवाल्यांना दिल्या, साहेबांना दिल्या, पण सगळ्यात जास्त भराववाल्यांना. चांगला चिखल होता, त्यावर लोकांनी माती घातली. "ज्याची कुणाची ही माती आहे ना, त्याच्या तोंडात माती पडो," मी म्हटलं. एकदा नाही, दोनतीनदा म्हटलं. नवरा समोर बघत गाडी चालवत होता. एरवी मी अशी सुटले की तो काहीतरी बोलून मला हसवतो. त्या दिवशी गप्प होता. मला वाटलं, पाखरामुळे.

शहरात शिरायच्या आत टिलवा गेला. हातात एवढीशी थरथर होती ती थांबली, एवढाच फरक.

लॅब रविवारची बंद होती. कुलूप काढून आत गेले आणि त्याला बेसिनमध्ये धरलं. का धुतलं, सांगता येणार नाही. मेलेल्या माणसालाही आंघोळ घालतोच आपण. कोमट पाणी सोडलं, बोट हळूहळू गळ्यावरून फिरवलं. कापडाला जन्मभर धरून बसणारी माती पिसांवरून सुटत गेली. आधी हनुवटी मोकळी झाली, मग गळा. पांढरा. दुधासारखा पांढरा. गालावर मानेच्या बाजूला त्याची स्वतःची विटकरी झाक, नाजूक, प्रत्येक पिसाला कड असलेली. घरी जायचा पोशाख पूर्ण झाला होता त्याचा.

टिपकागदावर ठेवून मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. लिहिलं, "छोटा टिलवा. गळ्याला माती होती. उपाशी मेला." मग एकाने विचारलं, "धुतल्यावर ब्रीडिंग प्लुमेजचा, म्हणजे विणीच्या पिसांचा रंग जातो का? कुणी माहिती देईल काय?" दुसऱ्याने लिहिलं, हा तोच पक्षी कशावरून? आणि साहेबांनी लिहिलं, "ताई, ग्रुपवर निगेटिव्हिटी नको. मृत पक्ष्याचे फोटो टाकू नयेत, लहान मुलंही ग्रुपवर आहेत." मला काढून टाकलं नाही त्यांनी. फक्त यापुढे ग्रुपवर अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवली.

नवरा पेशंटच्या बाकड्यावर बसला होता. उठून बेसिनपाशी आला. तळाशी माती साचली होती, चिमूटभर म्हणावी तर जास्त, मूठभर म्हणावी तर कमी. तो बघत राहिला.

"एवढ्याशा जिवावरून केवढी निघाली गो," तो म्हणाला.

मी टिपकागदाच्या कडा दुमडत होते.

"आपली असेल त्यात."

मला कळलं नाही आधी. मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"डंपरवाल्याला मी विचारलं होतं, कुठे टाकतोस म्हणून. खाडीवर टाकतो म्हणाला. मी म्हटलं, टाक. खाडीवर म्हणजे तुझ्या चिमण्यांच्यात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्याने नळ सोडला आणि स्वतःच्या हाताने बेसिन साफ करायला लागला. "तू म्हणत होतीस गाडीत, तेव्हा आलं."

त्याला काय बोलू? त्याने निदान विचारलं तरी होतं. मी रोज सकाळी त्या माणसाला चहा देत होते, साखर लागते का विचारत होते, आणि माती कुठे जाते हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं. रोज आमच्या फाटकातून तो डंपर भरून निघताना बघत होते. खाडीवर तोच डंपर उभा असता तरी मी ओळखला नसता, कारण मी आकार बघत होते तो पाखराचा. साहेबांना मी भरावाकडे बोट दाखवलं होतं, ते बोट आठवून मला माझ्या हाताची किळस आली.

टिलव्याला बागेत पुरलं. दुसरी जागा कुठून आणणार? आमच्याकडे कुठेही खणलं तरी खाली तांबडंच लागतं. गळा पुन्हा माखायला नको म्हणून लॅबमधला कापूस त्याच्याभोवती गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी फाटकापाशी हॉर्न वाजला. डंपर रात्रीच आत आणून भरून ठेवला होता, ड्रायव्हर फाटक उघडायला सांगत होता. नवरा ओट्यावर आंबे निवडत बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, उठला नाही. मी गेले.

"आजपासून माती न्यायची नाही," मी म्हटलं.

"काय झालां वैनी? माजं काय चुकलं काय?"

"तुझं नाही. खाडीत टाकायची नाही. पाखरं मरतायत."

तो खाली उतरला. बिचारा खरंच विचारात पडला. "खाडीत नको तर मग खंय टाकू, तुमीच सांगा. ह्या डोंगराखालच्या प्लॉटवाल्याची हाय, तिकडं नव्या बिल्डिंगवाल्याची हाय, सगळ्यांची तिथंच जाते. तुमची एकट्यांची थांबवून भराव काय थांबनार हाय?" मग डंपरच्या फळीवर हात मारून म्हणाला, "आनि ही भरल्याली परत वतू काय विहिरीकडं?"

त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. वर उतार अर्धा कापून पडला होता, ढीग तसाच होता, पाऊस दारात होता. मी फाटकाला कडी घातली.

हातातला मोबाईल वाजला. ग्रुपवर साहेबांचा फोटो. चिखलावर पाखरांची रांग, उरलेसुरले सगळे टिलवे, माना खाली घालून डबक्याच्या काठाने टोचत असलेले. एकूण एक गळे तांबडे. खाली लिहिलं होतं, "थवाच्या थवा आलाय! चला लवकर!!"

फोटोत मागे, जरा अस्पष्ट, एक डंपर पाठ उचलून उभा होता. आमचा नव्हता. आमचा माझ्यासमोर भरून उभा होता, आणि ड्रायव्हर चहाची वाट बघत होता.